हातातून हाती

धावण्याच्या शर्यतीत प्रेक्षकांची दृष्टी बहुधा अखेरच्या रेषेवर खिळलेली असते. तेथे जो पहिला पोहोचतो त्याचा जयजयकार होतो. बाकीच्यांची नावे दुसऱ्या दिवशी कोणाच्या ध्यानातही राहत नाहीत. परंतु एक शर्यत अशी आहे की, जिचा निकाल अखेरच्या रेषेवर जाहीर होत असला, तरी तो ठरतो मात्र वाटेतील तीन ठिकाणी. ही शर्यत एकट्याला धावता येत नाही आणि एकट्याला जिंकताही येत नाही. तिला रिले शर्यत म्हणतात. मुलींच्या खेळांचा, आणि विशेषतः हिमायतनगरसारख्या लहान गावांतील मुलींच्या खेळांचा विचार करताना, या शर्यतीला आज मिळते त्याहून पुष्कळच वरचे स्थान मिळाले पाहिजे. असे म्हणण्यास सबळ कारणे आहेत.

चार गुणिले शंभर मीटरच्या रिले शर्यतीचे स्वरूप वरवर पाहता अगदी सोपे आहे. मैदानाची ४०० मीटरची एक फेरी चौघींनी वाटून घ्यावयाची. पहिलीच्या हातात एक गुळगुळीत पोकळ नळी असते. तिला बॅटन म्हणतात. तिची लांबी २८ ते ३० सेंटिमीटर, म्हणजे दप्तरातील फूटपट्टीएवढी, आणि वजन निदान ५० ग्रॅम. ही नळी पहिलीने दुसरीच्या, दुसरीने तिसरीच्या आणि तिसरीने चौथीच्या हाती द्यावयाची, आणि चौथीने ती घेऊन अखेरची रेषा ओलांडावयाची. देण्याघेण्यासाठी प्रत्येक ठिकाणी ३० मीटर लांबीचा एक पट्टा आखलेला असतो. त्या पट्ट्याच्या आतच बॅटन एका हातातून दुसऱ्या हातात गेले पाहिजे. ते पट्ट्याच्या अलीकडे किंवा पलीकडे दिले गेले, तर चौघी कितीही वेगाने धावल्या असल्या तरी संघ बाद ठरतो. पंच येथे धावणारीचे पाऊल कोठे आहे हे पाहत नाहीत. बॅटन कोठे आहे एवढेच पाहतात. बॅटन खाली पडले, तर ज्या मुलीच्या हातून ते पडले तिनेच ते उचलावे, असाही नियम आहे.

नियम एवढेच. तथापि या थोड्याशा नियमांच्या पोटात जे कौशल्य दडलेले आहे, ते समजून घेण्यासाठी एक छोटासा हिशेब करून पाहावा. वीस वर्षांखालील मुलामुलींची जागतिक मैदानी अजिंक्यपद स्पर्धा १९८६ साली ग्रीसमधील अथेन्स येथे प्रथम भरली. तीच स्पर्धा २०२१ च्या ऑगस्ट महिन्यात केनियातील नैरोबी येथे झाली. तेथे जमैकाच्या चार मुलींनी रिले शर्यत ४२.९४ सेकंदांत पूर्ण केली. या वयाच्या मुलींनी ४३ सेकंदांच्या आत ही शर्यत संपविल्याचे तोवर कोणी पाहिले नव्हते. त्या चौघींपैकी टीना क्लेटन हिने त्याच स्पर्धेत १०० मीटरची एकेरी शर्यतही जिंकली होती. एकटीने धावताना तिला ११.०९ सेकंद लागले. आता ४२.९४ ला चाराने भागले, तर प्रत्येकीच्या वाट्याला पावणेअकरा सेकंदांहूनही कमी वेळ येतो. जगातील त्या वयाच्या सर्वांत वेगवान मुलीला एकटीने जे साधले नाही, ते चौघींना सरासरीने कसे साधले?

याचे उत्तर त्या तीन पट्ट्यांत आहे. एकेरी शर्यतीत धावणारी मुलगी स्थिर अवस्थेतून निघते. तिची पहिली काही पावले केवळ वेग मिळविण्यातच खर्ची पडतात. रिले शर्यतीत मात्र पहिली सोडून बाकीच्या तिघी बॅटन हाती येण्यापूर्वीच धावू लागलेल्या असतात. येणारीचा वेग आणि जाणारीचा वेग जेथे बरोबर जुळतात, तेथे बॅटन सोपविले गेले, तर त्या नळीची गती क्षणभरही मंदावत नाही. मुली बदलतात, पण वेग तोच राहतो. म्हणून रिले शर्यत ही चार मुलींची शर्यत नसून वस्तुतः एका बॅटनची शर्यत आहे, असे म्हटले तरी चालेल.

हे जुळवून आणणे मात्र सोपे नाही. घेणारी मुलगी मागे वळून पाहत बसली, तर तिचा वेग कमी होतो. म्हणून ती आपल्या जागेच्या मागे काही पावले मोजून जमिनीवर एक खूण करून ठेवते. येणारी सहकारी त्या खुणेवर आली की, ही सर्व शक्तीनिशी धावत सुटते. मग ती पुन्हा मागे पाहत नाही. ठरलेला शब्द कानी पडताच ती हात मागे करते आणि त्या हातात बॅटन येईल, असा भरवसा ठेवते. ती क्षणभर आधी निघाली, तर मागचीचा हात पोहोचत नाही आणि पट्टा संपून जातो. ती क्षणभर उशिरा निघाली, तर दोघी एकमेकींवर आदळतात. पाठीमागून येणाऱ्या मुलीवर, तिला न पाहता, एवढा विश्वास टाकणे हे अनेक महिन्यांच्या सरावाखेरीज जमत नाही. चार गुणिले चारशे मीटरच्या शर्यतीत मागची धावपटू थकून येत असल्यामुळे पुढचीला वळून पाहण्याची मुभा असते; शंभर मीटरच्या टप्प्यांत ती चैन परवडत नाही.

हा सराव कच्चा राहिला तर काय होते, याचे उदाहरण १९३६ सालच्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये जगाने पाहिले. जर्मनीच्या चार मुलींनी प्राथमिक फेरीत ४६.४ सेकंदांचा नवा जागतिक विक्रम केला होता. अंतिम शर्यतीतही त्या कित्येक मीटर पुढे होत्या. सुवर्णपदक जणू त्यांच्या हाती आलेच होते. इतक्यात शेवटच्या देवघेवीत बॅटन निसटून जमिनीवर पडले आणि अमेरिकेचा संघ पुढे निघून गेला. पुढे २००८ साली बीजिंग येथे अमेरिकेच्याच पुरुषांच्या आणि स्त्रियांच्या दोन्ही संघांच्या हातून प्राथमिक फेरीतच बॅटन पडले. जगातील अत्यंत वेगवान धावपटू त्या संघांत होते. त्यांच्या पायांत काही उणे नव्हते. उणे होते ते दोन हातांच्या मेळात.

याउलट उदाहरण जपानचे आहे. २०१६ साली रिओ येथील ऑलिंपिकमध्ये जपानच्या चार युवकांनी ३७.६० सेकंदांत रौप्यपदक मिळविले. त्या वेळी त्या चौघांपैकी एकानेही १०० मीटर अंतर दहा सेकंदांच्या आत कधी कापलेले नव्हते. त्यांच्याहून वेगवान धावपटू ज्या संघांत होते, असे संघ त्यांच्या मागे राहिले. जपानी युवकांनी बॅटन खालून वर देण्याची एक पद्धत वर्षानुवर्षे घासूनपुसून इतकी निर्दोष केली होती की, देवघेवीत त्यांचा वेळ जवळजवळ खर्चच होत नसे. ज्यांच्याजवळ निसर्गदत्त वेग थोडा कमी आहे, त्यांनी परस्परांच्या साहाय्याने तो कसा भरून काढावा, याचा हा वस्तुपाठ होय. साधनांची आणि सोयींची वाण असलेल्या ग्रामीण शाळांनी तो विशेष लक्षपूर्वक अभ्यासावा.

महाराष्ट्राच्या मातीला तर ही कल्पना नवीन नाही. खोखोचे मैदान येथील प्रत्येक शाळेने पाहिले आहे. या खेळाचे नियम १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने प्रथम बांधून दिले. खोखोत पाठलाग करणारा खेळाडू बसलेल्या सहकाऱ्याच्या पाठीला स्पर्श करून मोठ्याने 'खो' म्हणतो आणि आपले काम त्याच्या स्वाधीन करतो. ज्याला खो मिळाला तो क्षणार्धात उठतो, आणि ज्याने दिला तो तितक्याच तत्परतेने त्याच्या जागी बसतो. योग्य वेळी खो देणे हा या खेळाचा प्राण आहे. स्वतःच धावत राहण्याच्या हौसेने जो खो देत नाही, तो कितीही चपळ असला तरी संघाला अखेर भारच होतो. रिले शर्यत आणि खोखो यांत भेद आहे, तो असा की, खोखोत स्पर्श होण्यापूर्वी उठणे ही चूक मानली जाते, तर रिलेत स्पर्श होण्यापूर्वी धावू लागणे हेच कर्तव्य असते. परंतु दोहोंचे मर्म एकच: आपली शक्ती शिल्लक असतानाच काम दुसऱ्याच्या हाती निःशंकपणे सोपविता आले पाहिजे. खेड्यातील इर्जिकीतही हेच तत्त्व आहे. आज एकाच्या शेतात सर्वांचे हात लागतात, उद्या दुसऱ्याच्या. ज्या समाजाने हे पिढ्यान्पिढ्या केले, त्याच्या मुलींना रिले शर्यतीचे मर्म परके वाटण्याचे कारण नाही.

भारतीय मुलींनी या शर्यतीत मिळविलेल्या पहिल्या मोठ्या यशाशीही मुंबई आणि पुणे यांचा निकटचा संबंध आहे. १९५१ साली दिल्ली येथे भरलेल्या पहिल्या आशियाई क्रीडा स्पर्धेत भारताच्या मुलींनी चार गुणिले शंभर मीटरच्या रिले शर्यतीत रौप्यपदक मिळविले. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९५४ साली, फिलिपाइन्समधील मनिला येथे मेरी डिसूझा, स्टेफी डिसूझा, व्हायोलेट पीटर्स आणि क्रिस्टीन ब्राउन या चौघींनी हीच शर्यत ४९.५ सेकंदांत जिंकून सुवर्णपदक पटकाविले. मेरी डिसूझा या मुंबईतील वांद्र्याच्या, तर स्टेफी डिसूझा पुण्याच्या. दोघीही हॉकीत तितक्याच निपुण होत्या. मेरी डिसूझा १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकला गेल्या. त्या प्रवासासाठी पैसे नव्हते, तेव्हा स्नेह्यांनी कार्यक्रम करून निधी जमविला होता. त्यांना २०१३ साली ध्यानचंद पुरस्कार मिळाला. स्टेफी डिसूझा यांना १९६३ साली अर्जुन पुरस्कार देण्यात आला.

मनिलाच्या त्या विजयानंतर आशियाई स्पर्धेतील या शर्यतीत भारतीय स्त्रियांना पुन्हा सुवर्णपदक मिळालेले नाही. चार गुणिले चारशे मीटरच्या शर्यतीत त्यांनी २००२ ते २०१८ या काळात दर खेपेस सुवर्णपदक आणले, ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु जी शर्यत हातांच्या मेळावर सर्वांत अधिक अवलंबून आहे, तीत मात्र सत्तर वर्षे उलटली तरी १९५४ चे यश एकटेच राहिले आहे. या मुलींना वेग नाही, असे कोणी म्हणणार नाही. उणीव आहे ती लहान वयापासून एकत्र सराव करणाऱ्या संघांची.

लहान वयात असे संघ उभे राहिले तर काय घडू शकते, याची चुणूक अलीकडे दिसू लागली आहे. २०२१ च्या नैरोबीच्या त्याच स्पर्धेत दोन मुलगे आणि दोन मुली यांच्या मिश्र रिले शर्यतीत भारताला कांस्यपदक मिळाले. पुढच्याच वर्षी कोलंबियातील काली येथे भारताच्या मिश्र संघाने ३ मिनिटे १७.७६ सेकंदांत ती शर्यत पूर्ण करून रौप्यपदक मिळविले. सुवर्णपदक जिंकणाऱ्या अमेरिकेचा वेळ होता ३ मिनिटे १७.६९ सेकंद. दोघांत अंतर होते ते अवघे एका सेकंदाच्या शंभर भागांपैकी सात भागांचे. डोळ्याची पापणी लवण्यास याहून अधिक वेळ लागतो.

काली येथील त्या संघात रूपल चौधरी ही उत्तर प्रदेशातील मेरठ जिल्ह्याची एक शेतकऱ्याची मुलगी होती. तीन दिवसांत ती ४०० मीटर अंतर चार वेळा धावली. रिलेच्या रौप्यपदकाबरोबरच तिने ४०० मीटरच्या एकेरी शर्यतीत ५१.८५ सेकंदांत कांस्यपदकही मिळविले. या जागतिक स्पर्धेत एकाच वर्षी दोन पदके मिळविणारी ती पहिली भारतीय खेळाडू ठरली. पुढे २०२५ साली दक्षिण कोरियातील गुमी येथील आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत चार गुणिले चारशे मीटर रिले जिंकणाऱ्या भारतीय चौघींत ती होती. सांघिक शर्यतीत धावल्याने वैयक्तिक यश झाकोळते, ही समजूत किती चुकीची आहे, हे तिच्या उदाहरणावरून दिसून येते.

आता हिमायतनगरकडे वळावे. नांदेड जिल्ह्याच्या उत्तरेस, पैनगंगेच्या खोऱ्यात वसलेले हे तालुक्याचे गाव. जुनी माणसे त्याला अजूनही वाढोणा म्हणतात. परमेश्वराच्या मंदिरासाठी आणि महाशिवरात्रीच्या यात्रेसाठी ते पंचक्रोशीत प्रसिद्ध आहे. मुदखेडहून आदिलाबादकडे जाणारा लोहमार्ग येथून जातो. भोवताली काळी जमीन, कापूस आणि सोयाबीन यांची शेते. अशा गावातील शाळेत शिकणाऱ्या मुलीला नैरोबी आणि काली ही नावे चंद्रावरच्या गावांइतकी दूरची वाटणे स्वाभाविक आहे. पण तेथे धावलेल्या मुलींचे पहिले धडेही कोठल्याशा साध्या मैदानावरच झालेले असतात. मराठवाड्याच्या मातीत तशी शक्ती नाही, असे म्हणण्यास तर मुळीच जागा नाही. बीड जिल्ह्यातील मांडवा या खेड्याच्या अविनाश साबळे याने २०२३ साली हांगचौ येथील आशियाई स्पर्धेत ३,००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीचे सुवर्णपदक मिळविले. धाराशिव जिल्ह्याच्या सारिका काळे हिला खोखोसाठी २०२० चा अर्जुन पुरस्कार लाभला. २०२५ साली दिल्लीत झालेल्या पहिल्या खोखो विश्वचषक स्पर्धेत भारताच्या मुलींनी विजय मिळविला, तेव्हा संघाचे नेतृत्व प्रियांका इंगळे हिच्याकडे होते. आणि नांदेड जिल्ह्यातील भाग्यश्री जाधव हिने २०२४ साली पॅरिसच्या पॅरालिंपिक स्पर्धेच्या उद्घाटनप्रसंगी भारताचा ध्वज मिरविला.

रिले शर्यतीचा सराव सुरू करण्यास मोठ्या खर्चाची आवश्यकता नाही, हा तिचा विशेष गुण आहे. काळ्या मातीचे मैदान पावसाळ्यात चिखलाने भरते आणि उन्हाळ्यात भेगाळते, हे खरे. ४०० मीटरची आखीव धावपट्टी प्रत्येक तालुक्याला लाभेल, तेव्हा लाभेल. ती मिळावी, ही मागणी शासनाकडे अवश्य करीत राहावे. पण बॅटनच्या देवघेवीचा सराव करण्यास साठ-सत्तर मीटर लांबीचा एक सरळ, मुरूम टाकून दाबलेला पट्टा पुरतो. फक्कीने दोन रेषा आखाव्यात. बॅटन विकत घेता आले नाही, तर गुळगुळीत तासलेल्या लाकडाचा हातभर नव्हे, वीतभराहून थोडा मोठा दांडा चालेल. सकाळी ऊन चढण्यापूर्वी अर्धा तास सराव झाला, तरी तीन महिन्यांत चौघींच्या हातांना एकमेकींची ओळख होते. जे बाजारात मिळत नाही आणि जे शाळेनेच द्यावे लागते, ते एकच: त्याच मुलींचा संघ दोन-तीन वर्षे एकत्र ठेवण्याची चिकाटी. स्पर्धेच्या आठ दिवस आधी वर्गांतून चार वेगवान मुली निवडावयाच्या आणि स्पर्धा संपताच त्यांना विसरून जावयाचे, या रीतीने रिले संघ कधीच घडत नाही.

रिलेचा आणखी एक लाभ असा की, एकेरी शर्यतीत एका शाळेतील एकच मुलगी पुढे येते. दुसरी, तिसरी आणि चौथी मागे राहिल्यामुळे लवकरच मैदान सोडतात. रिलेत मात्र चौघींना, आणि राखीव म्हणून आणखी दोघींना, स्थान मिळते. जी सर्वांत वेगवान नाही, पण वळणावर तोल सांभाळून धावते, तिला तिसरा टप्पा मिळतो. जिची सुरुवात उत्तम आहे, तिला पहिला. कोणाचे हात अधिक स्थिर असतात, कोणाचे मन अखेरच्या क्षणी डगमगत नाही. प्रत्येकीच्या गुणाला येथे योग्य जागा आहे. ज्या घरांतून एकट्या मुलीला परगावी स्पर्धेस पाठविण्यास आईवडील कचरतात, तेथून चौघी मैत्रिणींना एका शिक्षिकेबरोबर पाठविण्यास ते अधिक सहजपणे संमती देतात, हाही व्यवहारातील लाभ कमी नव्हे.

या मतावर काही आक्षेप घेतले जातात. त्यांचा विचार केला पाहिजे. पहिला आक्षेप असा की, धावून मुलींचे पोट भरणार काय? अभ्यासाचा वेळ मैदानावर घालविणे शहाणपणाचे आहे काय? या शंकेत तथ्य नाही, असे नाही. शाळेच्या मैदानावर धावणाऱ्या शंभर मुलींपैकी एखादीच राज्याच्या संघापर्यंत जाईल, आणि जागतिक स्पर्धेपर्यंत कदाचित एकही जाणार नाही. म्हणून पदकाचे आमिष दाखवून मुलींना मैदानावर आणणे हे अप्रामाणिकपणाचे होईल. परंतु गणित शिकणारा प्रत्येक विद्यार्थी गणितज्ञ होत नाही. म्हणून कोणी गणित शिकवावयाचे थांबवीत नाही. रिले शर्यतीतून निरोगी शरीर, वेळेचे भान आणि सहकाऱ्यावरील विश्वास हे जे प्राप्त होते, ते पदक न मिळालेल्या मुलीलाही आयुष्यभर पुरते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. यशाच्या हव्यासापायी कोवळ्या वयातील मुलींवर फार ताण पडतो, असे काही जाणकार म्हणतात. हे म्हणणे अनेकदा खरे ठरते. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतातील १५ ते १९ वर्षे वयाच्या दर १०० मुलींपैकी ५९ मुलींच्या रक्तात लोहाच्या अभावी किंवा अन्य कारणांनी रक्तक्षय आढळला. ज्या मुलीला पुरेसे अन्न मिळत नाही, तिला वेगाने धावण्याचा आग्रह करणे हे निर्दयपणाचे आहे. तेव्हा धावण्यापूर्वी मुलीच्या ताटाकडे पाहावे, हा नियम प्रत्येक क्रीडाशिक्षकाने पाळला पाहिजे. भाकरीबरोबर डाळ, हिरवी भाजी, शेंगदाणे आणि गूळ तिला मिळतात की नाही, तिची झोप पुरी होते की नाही, हे पाहणे हाही प्रशिक्षणाचाच भाग होय. वीस वर्षांखालील स्पर्धा हा खेळाडूच्या जीवनातील एक टप्पा आहे. अखेरची रेषा नव्हे. तेथे पोहोचण्यासाठी मुलीची पुढील सर्व वर्षे खर्ची टाकणे योग्य नाही.

परंतु मुलींच्या वाटेतील सर्वांत मोठी अडचण मैदानावर नसून मैदानाबाहेर आहे. सातवी-आठवीत उत्साहाने धावणाऱ्या मुली दहावीच्या सुमारास मैदानावरून नाहीशा होतात. कोणाला धाकट्या भावंडांना सांभाळावे लागते, कोणाचे गाव कनिष्ठ महाविद्यालयापासून दूर असते, तर कोणाचे लग्न ठरते. त्याच पाहणीत असे दिसून आले की, महाराष्ट्रातील २० ते २४ वर्षे वयाच्या दर १०० स्त्रियांपैकी सुमारे २२ जणींचे लग्न वयाच्या अठराव्या वर्षापूर्वीच झाले होते. कायद्याने ज्याला बंदी आहे, ते अद्याप इतक्या घरांतून घडत आले आहे. ज्या वयात जमैकाच्या मुली जगाचा विक्रम मोडीत होत्या, त्याच वयात येथील कित्येक मुलींच्या हातातून पुस्तक आणि बॅटन ही दोन्ही एकदमच काढून घेतली जातात.

रिले शर्यतीच्या भाषेत सांगावयाचे तर, येथे देवघेवीच्या पट्ट्यातच बॅटन पडते. प्राथमिक शाळेने आपला टप्पा चांगला धावून काढलेला असतो. आईने पहाटे उठून मुलीचा डबा भरलेला असतो. शिक्षिकेने सुटीच्या दिवशीही मैदानावर उभे राहून तिला शिकविलेले असते. मुलगी पूर्ण वेगाने पुढे येते. पण पुढे जो हात तयार असावयास हवा, तो नसतो. माध्यमिक शाळेतून कनिष्ठ महाविद्यालयाकडे, तालुक्यातून जिल्ह्याकडे आणि जिल्ह्यातून राज्याच्या प्रशिक्षण केंद्राकडे तिला सोपविणारी साखळी मध्येच तुटते. मग सर्व दोष त्या मुलीच्या माथी मारला जातो. तिच्यात जिद्द नव्हती, असे सहजपणे म्हटले जाते. बॅटन खाली पडले असता केवळ देणारीला किंवा केवळ घेणारीला दोष देता येत नाही, हे जाणता प्रशिक्षक चांगले ओळखतो. ती चूक दोन हातांमधल्या अंतराची असते. समाजानेही हे अंतर ओळखावयास शिकले पाहिजे.

ते भरून काढण्याचे उपाय अशक्य कोटीतील नाहीत. शाळेने जाणाऱ्या मुलीची माहिती पुढील महाविद्यालयाला आपण होऊन कळवावी. तालुक्याच्या गावी दोन-तीन शाळांनी मिळून एकाच मैदानावर सराव ठेवावा; म्हणजे शाळा बदलली तरी मुलीचा सराव थांबत नाही. पूर्वी धावलेल्या आणि आता संसारात असलेल्या स्त्रियांना आठवड्यातून एकदा मैदानावर बोलवावे. त्यांच्या पायांचा वेग कमी झाला असेल, पण खूण कोठे करावी आणि हात केव्हा मागे न्यावा, हे त्यांच्याइतके दुसऱ्या कोणाला सांगता येणार नाही. आणि गावाने बक्षीस देताना अखेरच्या टप्प्यात धावलेल्या एकीच्याच गळ्यात हार घालू नये. चौघींची नावे एकाच दमात घेण्याची सवय गावाला लागली, की रिले शर्यतीचा अर्ध्याहून अधिक अर्थ गावाला कळला, असे समजावे.

१९५४ साली मनिला येथे धावलेल्या चौघींपैकी कोणीही एकटी ती शर्यत जिंकू शकली नसती. २०२२ साली काली येथे धावलेल्या चौघांनाही एकट्याने ते पदक मिळाले नसते. मोठी कामे बहुधा अशीच पार पडतात. शेत पिकते ते अनेकांच्या हातांनी, आणि विद्या पुढच्या पिढीला मिळते ती गुरूकडून शिष्याच्या हाती. जो आपला टप्पा प्रामाणिकपणे धावतो आणि हातातील वस्तू न पाडता, न अडखळता पुढच्याच्या स्वाधीन करतो, त्याचे काम अखेरची रेषा ओलांडणाऱ्याच्या कामाहून तिळमात्रही कमी नाही. हिमायतनगरच्या मैदानावर धावणाऱ्या मुलींना हे शिकविले पाहिजे, यात संशय नाही. पण त्याहूनही अगत्याचे हे आहे की, त्या मुलींच्या पुढच्या टप्प्यावर ज्यांनी उभे राहावयाचे, त्या सर्वांनी आपला हात वेळेवर पुढे करावा.